कर्नलमधला बग: बोंब कुठे, चूक कुठे

तासगावकडच्या एका द्राक्षबागेत एक हवामान-पेटी बसवलेली आहे. आत लिनक्सवर चालणारा छोटा बोर्ड, बाहेर पानांचा ओलावा मोजणारा सेन्सर आणि मधे यूएसबीची वायर. सेन्सरचा ड्रायव्हर, म्हणजे सेन्सरशी बोलणारा कोड, सांगलीतल्या इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या पोरांनी लिहिलेला. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की डाऊनी या रोगाच्या भीतीने बागायतदाराची झोप उडते. पान किती तास ओलं राहिलं यावर फवारणी घ्यायची की नाही हे ठरतं, आणि नेमकी त्याच दिवसांत ही पेटी अधूनमधून गोठायची. बंद करून चालू केली की पुन्हा ठणठणीत. क्रॅशच्या लॉगमध्ये कधी फाइल सिस्टिमचं नाव यायचं, कधी नेटवर्कचं. पोरांनी मेमरी कार्ड बदललं, पॉवर सप्लाय बदलला. काही फरक पडला नाही.

फाइल सिस्टिमचा यात काडीचाही दोष नव्हता आणि कार्डाचाही नव्हता. कर्नलमधल्या मेमरीच्या चुकांचा हा स्वभावच आहे: चोर सोडून संन्याशाला फाशी. चूक एका ठिकाणी होते आणि यंत्र कोसळतं भलत्याच ठिकाणी, कधी काही मिनिटांनी, कधी काही तासांनी. या दोन्हींमधलं अंतर मिटवण्यासाठी बनवलेली साधनं लिनक्समध्ये आहेत. ती फुकट आहेत, मुळातच कर्नलसोबत येतात, तरी आपल्याकडच्या बऱ्याच प्रोजेक्टमध्ये कुणी चालू करून पाहत नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

आधी कर्नल म्हणजे काय ते बघू. संगणक चालू असताना मेमरी कुणाला किती द्यायची, प्रोसेसरवर आता कुणाची पाळी, डिस्कवर काय लिहायचं, यूएसबीला काय जोडलंय, हे सगळं पाहणारा प्रोग्रॅम म्हणजे कर्नल. आपण वापरतो ते ब्राउझर, पेमेंट अ‍ॅप वगैरे त्याच्या वर चालतात. साध्या प्रोग्रॅमने दुसऱ्याच्या मेमरीत हात घातला, तर कर्नल त्या एकट्याला बंद करतो आणि बाकीचं काम चालू राहतं. कर्नलच्या आत मात्र असं कुंपण नसतं. फाइल सिस्टिम, नेटवर्क, पोरांनी लिहिलेला सेन्सरचा ड्रायव्हर, सगळे एकाच मोकळ्या रानात वावरतात आणि कुणीही कुणाच्याही मेमरीत लिहू शकतो. शिवाय कर्नलचा बहुतेक कोड सी भाषेत आहे. मेमरी मागणं, वापरणं आणि परत करणं ही सगळी जबाबदारी सीमध्ये लिहिणाऱ्याच्या डोक्यावर असते.

हे समजायला सांगलीकराला हरिपूरपर्यंत जावं लागेल. तिथली हळदीची पेवं पुष्कळांनी पाहिली असतील. जमिनीत खोल खड्डा, आत हळदीची पोती, वरून तोंड मातीने बंद. २००५च्या महापुरात त्यातली बरीच पेवं गेली, पण पद्धत लोकांच्या लक्षात आहे. पेव बंद केलं की वरून सगळी जमीन सारखीच दिसते. कुठलं कुणाचं हे चिठ्ठीवरच्या नोंदीवरूनच कळायचं. आता समजा, एका व्यापाऱ्याने माल काढून पेव मोकळं करून दिलं, पण चिठ्ठी फाडली नाही. पुढे ते पेव दुसऱ्याला दिलं गेलं. मग जुन्या चिठ्ठीवर पहिल्याचा माणूस आला आणि त्याच जागी आपली पोती टाकून गेला. नुकसान दुसऱ्याचं, बोंबही दुसऱ्याची, आणि तीसुद्धा तो पुढे कधीतरी पेव उघडेल तेव्हा. कर्नलमध्ये चिठ्ठी म्हणजे पॉइंटर: मेमरीतल्या एका जागेचा पत्ता. जागा परत केली तरी पॉइंटरमधला पत्ता आपोआप पुसला जात नाही.

या प्रकाराला यूज-आफ्टर-फ्री म्हणतात, आणि माझ्या मते मेमरीच्या चुकांमध्ये सगळ्यात घातक हाच. दुसरा प्रकार मागितल्यापेक्षा पुढच्या जागेत लिहिण्याचा. तिसरा, एकच जागा दोनदा परत करण्याचा. चौथा, मेमरी घेतली पण कधीच परत केली नाही, म्हणजे गळती. पाचवा, घेतलेल्या जागेत काही भरण्याआधीच तिथलं वाचण्याचा. तिथे आधीच्या कुणाचा तरी उरलेला मजकूर असतो, आणि तो पासवर्डही असू शकतो.

पेटीत जे घडत होतं ते पहिल्या प्रकारातलं. बागेत लाइट झपकन जाऊन आली की यूएसबी हबची वीज क्षणभर तुटायची. कर्नलला वाटायचं, सेन्सर काढला. ड्रायव्हरचं डिस्कनेक्टचं फंक्शन चालायचं आणि सेन्सरसाठी घेतलेली मेमरी परत करायचं. पण त्याच मेमरीत एक टायमरही होता, ठरावीक वेळाने सेन्सर वाचणारा. तो थांबवायचं राहून गेलं होतं. जागा परत गेली, टायमर मात्र कर्नलच्या यादीत तसाच. कर्नल एकाच मापाचे तुकडे एकत्र ठेवतो: २०० बाइट मागा, २५६ बाइटच्या गटातला तुकडा मिळतो, आणि त्या गटातून ड्रायव्हरलाही मिळतो, फाइल सिस्टिमलाही आणि नेटवर्कलाही. परत केलेला तुकडा थोड्या वेळात दुसऱ्याच कुणाला जायचा आणि टायमरची वेळ झाली की त्याच्या मजकुरावर दोन-चार बाइट लिहिले जायचे. कोसळायचा तो नवा मालक. लॉगमध्ये नावही त्याचंच.

अशा बगसमोर जुना उपाय, म्हणजे कोडमध्ये जागोजागी प्रिंट टाकून पाहणं, फारसा चालत नाही. प्रिंट टाकली की वेळेचं गणित बदलतं आणि बग लपतो. साध्या प्रोग्रॅमसाठी व्हॅलग्रिंडसारखं साधन आहे, पण ते प्रोग्रॅमला आपल्या आत घेऊन चालवतं. कर्नल सगळ्यांच्या खाली असतो, त्याला असं आत घेता येत नाही. त्यामुळे कर्नलची तपासणी कर्नलच्याच आत बसवावी लागते.

तिचं मुख्य साधन म्हणजे कासान, कर्नल अ‍ॅड्रेस सॅनिटायझरचं चालू नाव. गूगलच्या मंडळींनी साध्या प्रोग्रॅमसाठी जी कल्पना बांधली होती, ती आंद्रेय रियाबिनिन यांनी कर्नलमध्ये आणली. एप्रिल २०१५मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीपासून ती आहे. कल्पना इतकी सरळ आहे की पहिल्यांदा समजली तेव्हा मला फार आनंद झाला होता. मेमरीच्या दर ८ बाइटमागे १ बाइटची वेगळी नोंद ठेवायची. या नोंदींच्या जागेला शॅडो मेमरी म्हणतात. नोंद ० असेल तर आठही बाइट वापरायला मोकळे. १ ते ७ पैकी आकडा असेल तर सुरुवातीचे तेवढेच बाइट मोकळे. नोंद ऋण असेल तर त्या जागेला हातच लावायचा नाही. उदाहरणार्थ, कुणी १३ बाइट मागितले. कर्नल त्याला १६चा तुकडा देतो. पहिल्या आठांची नोंद ०, पुढच्यांची ५, आणि त्यापुढे मुद्दाम सोडलेली बंदी असलेली पट्टी. आता कुणी चौदावा बाइट वाचला तर कासान जागीच पकडतो. एरवी हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं, कारण तुकडा १६चाच होता.

पण नोंद पाहायची कुणी? ती सोय कंपाइलर करतो, म्हणजे लिहिलेल्या कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम. कासान चालू करून कर्नल बिल्ड केला की कंपाइलर मेमरीच्या प्रत्येक वाचण्या-लिहिण्याआधी एक छोटी तपासणी घुसवतो: या पत्त्याची नोंद काय म्हणते? पत्त्याला आठने भागायचं, एक ठरलेली संख्या मिळवायची, नोंदीचा बाइट वाचायचा. बस. काम इतकं थोडं आहे म्हणून तर कोट्यवधी वेळा करता येतं. तरीही कर्नल साधारण दोन-तीन पट मंदावतो आणि मेमरीचा आठवा हिस्सा नोंदींतच जातो. ८ जीबीच्या लॅपटॉपवर १ जीबी त्यातच गेली असं धरा.

यात एक गोष्ट फार विचारपूर्वक केलेली आहे. परत केलेली मेमरी कासान लगेच दुसऱ्याला देत नाही. ती काही काळ क्वारंटाइनमध्ये ठेवतो, एकूण मेमरीच्या बत्तिसाव्या हिश्शापर्यंत. जुना पॉइंटर घेऊन कुणी आलाच, तर तेवढ्या काळात तो नक्की सापडतो, कारण त्या जागेची नोंद अजून ‘परत केलेली’ अशीच असते. हेच ते अंतर मिटवणं: नुकसान होऊन गेल्यावर कोसळण्याऐवजी हात लावताक्षणीच बोंब.

पोरांनी कासान चालू केलेला कर्नल बोर्डावर चढवला आणि लाइट जाण्याची वाट न पाहता सेन्सरची वायर हातानेच काढली. टायमरची पुढची वेळ झाली आणि स्क्रीनवर लांबलचक रिपोर्ट उतरला.

इथे थांबून रिपोर्ट कसा वाचायचा ते सांगतो, कारण बहुतेकांची गाडी इथेच अडते. पहिल्या ओळीत चूक कुठल्या प्रकारची ते आणि ती ज्या फंक्शनमध्ये सापडली त्याचं नाव. त्याखाली तीन ट्रेस. ट्रेस म्हणजे कुठल्या फंक्शनने कुठल्याला बोलावलं याची उतरंड. पहिला ट्रेस चुकीच्या वापराचा: आत्ता कुणी हात लावला. दुसरा, ही जागा मुळात कुणी मागितली. तिसरा, ती परत कुणी केली. सगळ्यात शेवटी त्या पत्त्याच्या आसपासच्या नोंदी आकड्यांच्या ओळींत छापलेल्या असतात आणि नेमक्या जागेखाली एक खूण. ‘एफबी’ दिसलं तर परत केलेली जागा, ‘एफसी’ दिसलं तर बंदी असलेली पट्टी.

नवखा माणूस पहिला ट्रेस वाचतो आणि थांबतो. पेटीच्या रिपोर्टमध्ये पहिल्या ट्रेसमध्ये ड्रायव्हरचं नावच नव्हतं! तिथे होता कर्नलचा स्वतःचा टायमर चालवणारा कोड, गेली कित्येक वर्षं जगभर चालणारा. कारण सोपं आहे: वेळ झाल्यावर टायमरच्या नोंदीला हात लावणारा तोच. पण दुसऱ्या ट्रेसमध्ये ड्रायव्हरचं प्रोब फंक्शन (सेन्सर जोडला की चालणारं) आणि तिसऱ्यात डिस्कनेक्टचं फंक्शन स्पष्ट दिसत होतं. तिन्ही एकत्र वाचले की गोष्ट पूर्ण होते: प्रोबने जागा घेतली, डिस्कनेक्टने परत केली, टायमर मात्र चालू राहिला. माझा आग्रह आहे की यूज-आफ्टर-फ्रीमध्ये जागा परत करणारा ट्रेस सगळ्यात आधी वाचावा. बहुतेक वेळा दुरुस्ती तिथेच असते.

दुरुस्ती होती एका ओळीची: मेमरी परत करण्याआधी टायमर थांबवायचा. पण इथेही एक खाच आहे. टायमर थांबवणारी दोन प्रकारची फंक्शन्स असतात. एक फक्त यादीतून काढतं. दुसरं, टायमरचं काम त्याच क्षणी प्रोसेसरच्या दुसऱ्या कोअरवर चालू असेल तर ते संपेपर्यंत वाट पाहतं. इथे दुसरंच हवं. टायमर स्वतःच स्वतःला पुन्हा लावत असेल, तर अलीकडच्या कर्नलमध्ये त्याला कायमचं बंद करणारं वेगळं फंक्शनही आहे, आणि डिस्कनेक्टमध्ये तेच वापरणं जास्त सुरक्षित.

हाच बग आणखी एक पायरी आधी पकडता आला असता. कर्नलमध्ये डीबग-ऑब्जेक्ट्स नावाचा एक पर्याय आहे. टायमर चालू असलेली मेमरी कुणी परत करायला गेलं, तर तो परत करतानाच ओरडतो. ड्रायव्हर लिहिणाऱ्या प्रत्येकाने तो चालू ठेवावा असं मला वाटतं.

कासान नसेल, किंवा बोर्ड इतका लहान असेल की परवडत नाही, तर जुनी पद्धत अजून उपयोगी आहे. मेमरी वाटणाऱ्या भागाला बूट करताना सांगता येतं की परत आलेल्या जागेत ठरावीक मजकूर भरून ठेव. तो मजकूर म्हणजे हेक्समध्ये ‘६बी’ हा बाइट, पुन्हा पुन्हा. मग क्रॅशच्या लॉगमध्ये प्रोसेसरच्या कुठल्याही रजिस्टरमध्ये (हातातले आकडे ठेवण्याच्या जागेत) ६बी-६बी-६बी अशी माळ दिसली की समजायचं, कुणीतरी परत केलेल्या जागेतून पॉइंटर उचलला. ६४ बिटच्या इंटेल-एएमडी प्रोसेसरवर ही माळ वैध पत्ताच होत नाही, त्यामुळे ती वापरताक्षणी प्रोसेसर तक्रार करतो. ही खूण पाठ असावी. लॉग वाचताना फार वेळ वाचतो.

गळतीची गोष्ट वेगळी. तिथे कुणी चुकीच्या जागी हात लावत नाही, म्हणून कासानला काही दिसत नाही. साधा प्रोग्रॅम गळत असेल तर तो बंद केल्यावर कर्नल सगळी मेमरी परत घेतो; कर्नलच गळत असेल तर रीबूटशिवाय ती परत येत नाही. बागेत महिनोन्‌महिने चालणाऱ्या पेटीसाठी हे फार महत्त्वाचं. इथे केमेमलीक कामाला येतं. कॅटालिन मारिनास यांनी लिहिलेलं हे साधन २००९पासून, म्हणजे २.६.३१ आवृत्तीपासून कर्नलमध्ये आहे. ते दिलेल्या प्रत्येक तुकड्याची यादी ठेवतं आणि साधारण दर १० मिनिटांनी कर्नलची मेमरी चाळून पाहतं: या तुकड्याचा पत्ता कुठे तरी लिहिलेला सापडतो का? कुठेच सापडला नाही तर तो तुकडा परत करणं आता कुणालाच शक्य नाही, म्हणजे गळला. मग तो कुणी मागितला होता त्याचा ट्रेस छापतं. ते अंदाजाने चालतं. एखादा आकडा योगायोगाने पत्त्यासारखा दिसला तर गळती सुटते, आणि कधी चांगल्या तुकड्यावरही आळ येतो. म्हणून पहिल्या रिपोर्टवर विसंबू नये. तेच काम पुन्हा पुन्हा करून पाहावं, उदाहरणार्थ ड्रायव्हर लोड करायचा आणि काढायचा, आणि प्रत्येक वेळी तोच ट्रेस वाढतो का ते पाहावं.

न भरलेली मेमरी वाचण्याच्या चुकांसाठी केएमसान आहे, डिसेंबर २०२२च्या ६.१ आवृत्तीपासून. ते फक्त क्लँग कंपाइलरवर चालतं आणि मेमरी इतकी खातं की ते टेस्टच्या मशीनवरच चालवावं. दोन कोअर एकाच वेळी एकाच जागी झोंबतात त्या चुकांसाठी केसीसान आहे. तो विषय स्वतंत्र लेखाचा.

आता खरा अडचणीचा प्रश्न. टेस्टमध्ये काहीच सापडत नाही, बागेत मात्र बिघडतं. तिथे दोन-तीन पट मंद कर्नल कसा ठेवणार? यासाठी केफेन्स आलं, एप्रिल २०२१मध्ये, ५.१२ आवृत्तीत. त्यामागचा विचार मला फार आवडतो. प्रत्येक तुकड्यावर लक्ष ठेवण्याऐवजी ते अधूनमधून एखाद्याच तुकड्यावर ठेवतं. ठरलेला वेळ १०० मिलिसेकंद. तेवढ्या वेळाने एकदा, मागितलेला तुकडा नेहमीच्या जागेऐवजी खास राखीव पानावर (पान म्हणजे मेमरीचा ठरावीक मापाचा भाग) दिला जातो. त्या पानाच्या दोन्ही बाजूंची पानं बंद. सीमा ओलांडली की प्रोसेसर स्वतःच थांबवतो, आणि परत केल्यावर ते पानही बंद केलं जातं. मूळ मांडणीत असे २५५ तुकडे असतात आणि सगळा पसारा २ एमबीत मावतो. वेगावर परिणाम जवळपास नाहीच. एका पेटीत बग सापडायला फार काळ लागेल, पण शंभर पेट्या बागाबागांत चालू असतील तर कुठल्या ना कुठल्या पेटीत तो जाळ्यात येतोच. म्हणून शेतात जाणाऱ्या प्रत्येक बोर्डावर केफेन्स चालू असावं, आणि त्याचा लॉग आपल्यापर्यंत पोहोचण्याची सोयही असावी.

मर्यादाही माहीत असाव्यात. कासान फक्त चाललेला कोड तपासतो. जो रस्ता टेस्टमध्ये कधी घेतलाच नाही, तिथला बग तसाच राहतो. पॉइंटर इतका भरकटला की बंदीची पट्टी ओलांडून थेट दुसऱ्याच्या वैध जागेत उतरला, तर साधा कासान काही म्हणत नाही. आणि एखादं उपकरण प्रोसेसरला न विचारता डीएमएने मेमरीत लिहितं तेव्हा कंपाइलरची तपासणी मधे येतच नाही.

न चाललेले रस्ते चालवण्यासाठी सिझकॉलर वापरतात. गूगलमधल्या दिमित्री व्यूकोव यांनी सुरू केलेला हा प्रकल्प कर्नलला वेड्यावाकड्या क्रमाने सतत कामं सांगतो, कुठला नवा कोड चालला ते पाहतो आणि त्याच दिशेने पुढचे प्रयोग करतो. खाली कासान लक्ष ठेवून असतोच. २०१७च्या फेब्रुवारीत आंद्रेय कोनोवालोव यांनी याच जोडीने डीसीसीपी या नेटवर्क प्रोटोकॉलच्या कोडमध्ये एकच जागा दोनदा परत करणारा बग शोधला. तो बग कर्नलमध्ये आला होता २००५मध्ये, आपल्याकडे महापूर आला त्या वर्षी. इतका काळ तो तिथेच होता, आणि त्याच्या जोरावर साध्या वापरकर्त्याला मशीनचा पूर्ण ताबा घेता येत होता. जगभरचे जाणकार वाचत असलेला कोड असूनही. नुसत्या डोळ्यांनी वाचून अशा चुका सापडतील असं समजू नये.

रस्ट भाषा ६.१पासून कर्नलमध्ये आली आहे आणि तिच्यात यातल्या बऱ्याच चुका कंपाइल करतानाच अडतात. नवीन ड्रायव्हरसाठी तिचा विचार जरूर करावा. पण सीमधल्या कोट्यवधी ओळी अजून आहेत आणि पुढेही राहतील.

सुरुवात करायला महागडं काही लागत नाही. ८ जीबीचा लॅपटॉप आणि त्यावर क्यूईएमयूचं व्हर्च्युअल मशीन पुरतं, कर्नल कोसळला तरी लॅपटॉपला धक्का लागत नाही. कर्नलच्या मेनूमध्ये ‘कर्नल हॅकिंग’ आणि त्याच्या आत ‘मेमरी डीबगिंग’ असा विभाग आहे. कासान, केमेमलीक, केफेन्स तिथेच सापडतात. डीबगची माहिती चालू ठेवून बिल्ड करा, म्हणजे कर्नलच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमधली स्क्रिप्ट ट्रेसमधल्या पत्त्यांचे फाइल आणि ओळीचे क्रमांक काढून देते. पहिल्यांदा मुद्दाम चुकीचा कोड लिहा: मेमरी घ्या, परत करा आणि मग तिच्यात लिहा. आपणच केलेली चूक रिपोर्टमध्ये कशी दिसते हे एकदा पाहिलं की पुढचे रिपोर्ट परके वाटत नाहीत. कासान आणि केमेमलीक वेगवेगळ्या बिल्डमध्ये चालवा. दोन्ही एकत्र चालतात, पण लहान मशीनवर वाट पाहून जीव जातो.

आणि बग तुमच्या ड्रायव्हरऐवजी मूळ कर्नलमध्येच निघाला, तर गप्प बसू नका. त्या भागाची देखभाल कोण करतं हे सांगणारी स्क्रिप्टही त्याच फोल्डरमध्ये आहे. त्यांना रिपोर्ट पाठवताना कर्नलची आवृत्ती, बिल्डची कॉन्फिग फाइल आणि बग पुन्हा घडवण्याची कृती द्या. रिपोर्टचा स्क्रीनशॉट न पाठवता मजकूर पाठवा, आणि तिन्ही ट्रेस न कापता पूर्ण द्या.